तीन आठवड्यांचं गोरेपण: यवतमाळ जिल्ह्यातलं एक प्रकरण

वय २२, बीए, अविवाहित. घरी साडेतीन एकर कोरडवाहू शेती. कापूस, सोयाबीन आणि मधात तूर. तक्रार: दोन्ही गाल आणि हनुवटी लाल, उन्हात आणि चुलीपुढे आग होते, बारीक पुटकुळ्या, गालांवर लव वाढली. केव्हापासून: मलम संपल्यापासून. केसपेपरवर एवढंच मावलं होतं. मी जिल्ह्याच्या ठिकाणी सरकारी रुग्णालयाच्या त्वचारोग विभागासोबत समुपदेशनाचं काम करते. असे चेहरे आमच्याकडे लग्नसराईच्या मागेपुढे हमखास येतात आणि बहुतेक वेळा औषध लिहून विषय संपतो. या मुलीच्या बाबतीत तो संपवता आला नाही, म्हणून प्रकरण सविस्तर मांडते आहे. तिची आणि तिच्या आईची परवानगी घेतली आहे. गावाचं नाव देत नाही आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

तपासणी

ती दुपट्ट्यानं तोंड बांधून आली होती. आपल्याकडे उन्हापायी मुली तसा दुपट्टा बांधतातच, त्यामुळे कितीतरी दिवस गावात कोणाला संशयही आला नव्हता. डॉक्टरांनी दुपट्टा सोडायला लावला तेव्हा कपाळाच्या वरच्या कडेला आणि मानेवर तिचा मूळचा सावळा रंग होता आणि मधला सगळा चेहरा तांबडा. कातडी पातळ होऊन खालच्या बारीक रक्तवाहिन्यांचं जाळं उघडं पडलं होतं. "लावलं का दहा मिनटात थंडं, बंद केलं का तोंड पेटून जाते मॅडम," असं तिनं सांगितलं. निदानाला एवढं वाक्य पुरेसं होतं.

पिशवीतून दोन वस्तू निघाल्या. एक मेडिकलमधून घेतलेली ट्यूब. तिच्यावर बारीक अक्षरांत हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि मोमेटासोन अशी तीन नावं होती. हे मिश्रण वांगावर डॉक्टरच्या देखरेखीत, थोड्या आठवड्यांपुरतं वापरायचं औषध आहे. यातलं मोमेटासोन म्हणजे स्टिरॉइड. ही मुलगी ते आठ महिने, रोज रात्री आणि कार्यक्रम असेल तर सकाळीही लावत होती. दुसरी वस्तू म्हणजे तालुक्याच्या एका पार्लरमधून आणलेली पांढरी डबी. तिच्यावर ना नाव, ना परवाना क्रमांक, ना तारीख.

स्टिरॉइड लावलं की रक्तवाहिन्या आकसतात, लाली आणि सूज बसते, रंगद्रव्य तयार होण्याचं काम मंदावतं. सोबत हायड्रोक्विनोन तेच रंगद्रव्य अडवतं आणि ट्रेटिनॉइन वरचा थर झरझर काढतं. दोन-तीन आठवड्यांत चेहरा खरोखर उजळ दिसतो. मग कातडी झिजत जाते, लव वाढते, मुरुमं येतात. मलम थांबवलं की आकसलेल्या रक्तवाहिन्या एकदम फुलतात आणि चेहरा भाजल्यासारखा होतो. बाईला वाटतं मलम बंद केल्यानं बिघडलं. ती पुन्हा लावते आणि पुन्हा थंड वाटतं. स्टिरॉइडनं बिघडलेल्या अशा चेहऱ्याला भारतातल्या त्वचारोगतज्ज्ञांनी २००८ मध्ये स्वतंत्र नाव दिलं, इतकं हे दुखणं आपल्याकडे सर्रास आहे.

डबीची भीती वेगळी होती. २०२३ च्या सुरुवातीला अकोल्यातली बातमी आली होती: एक विद्यार्थिनी, तिची आई आणि बहीण, तिघींच्या मूत्रपिंडाला इजा, आणि मूळ सापडलं ते ब्युटीशियनकडून घेतलेल्या गोरं करणाऱ्या क्रीममधल्या पाऱ्यात. मुंबईच्या केईएममध्ये तपासणी झाल्यावर ते उघड झालं. केरळातल्या मलप्पुरम जिल्ह्यातही त्याच सुमारास अशा क्रीम वापरणाऱ्यांच्या मूत्रपिंडाचे आजार डॉक्टरांनी नोंदवले. पारा रंगद्रव्य तयार करणाऱ्या विकराला रोखतो, म्हणून गोरं करतो. आणि कातडीतून आत शिरून मूत्रपिंडात साठतो. डबीतला पारा तपासण्याची सोय आमच्याकडे नाही. लघवीतलं प्रथिन तेवढं तपासलं. ते निघालं नाही, म्हणून सगळ्यांनी श्वास सोडला. डबी मात्र आम्ही ठेवून घेतली.

एक आकडा मात्र वाईट निघाला. हिमोग्लोबिन ८.६. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या होत्या, ही त्यातलीच. वर्षभर तिला दम लागत होता, पायऱ्या चढताना डोळ्यांपुढे अंधारी येत होती, आणि घरात त्यावर कधी बोलणं झालं नव्हतं. उलट चेहरा फिका पडला तो रंग उजळला म्हणून मोजला गेला. लोहाच्या गोळ्या उपकेंद्रात फुकट मिळतात. त्या मागायला आठ महिन्यांत कोणी गेलं नाही आणि ट्यूबसाठी मात्र महिन्याला दोन दिवसांच्या वेचणीचे पैसे निघत राहिले. मला या प्रकरणात सगळ्यात जास्त लागलं ते हे. मुलीच्या शरीराकडे घर पाहत होतं, पण फक्त वरून.

घरात काय घडलं

आईला मी पहिल्या भेटीत मलम कोणाच्या सांगण्यावरून लावलं असं विचारलं, तेव्हा ती चिडली. "आमी का शोकासाठी लावलं का मॅडम? स्थळं येऊन रायले होते अन् परत जाऊन रायले होते." तिचं चिडणं रास्त होतं. बाहेरून पाहणाऱ्याला हा नट्टापट्टा वाटतो. त्या घरात तो लग्नाच्या खर्चाचा हिशेब होता. "रंगाचे बी पैसे लागते. पोरगी उजळ असती त त्याईनं थोडं कमी मांगितलं असतं," हेही तिनंच सांगितलं. हुंडा कायद्यानं १९६१ पासून बंद आहे आणि व्यवहारात तो रंग पाहून वरखाली होतो. साडेतीन एकराच्या घरात, पावसाच्या भरवशावर, पोरीचा वर्ण म्हणजे कर्जाचा आकडा आहे हे त्या माउलीला जाहिरातीनं शिकवलं नव्हतं. ते तिनं स्वतःच्या लग्नात, बहिणीच्या लग्नात, जावेच्या मुलीच्या लग्नात पाहिलं होतं.

मग जाहिरातीनं काय केलं? त्याकडे येते, पण आधी फोटो.

बायोडाटा तालुक्याच्या एका स्टुडिओत तयार झाला. तिथं फोटो काढला की कॉम्प्युटरवर चेहरा दोन-तीन छटा उजळ करून, डाग पुसून, नाक थोडं बारीक करूनच देतात. ते वेगळं सांगावं लागत नाही आणि त्याचे वेगळे पैसेही लागत नाहीत. बायोडाट्यावर जन्मतारीख, रास, नक्षत्र, उंची आणि त्याखाली 'वर्ण' अशी ओळ असतेच. तिथं 'गोरा' असं छापलं गेलं. मोठ्या विवाहसंस्थळांपैकी एकानं २०२० मध्ये रंगानुसार निवडायची सोय काढून टाकली, तेव्हा त्याची बातमी झाली. गावोगाव व्हॉट्सअॅपवर फिरणाऱ्या बायोडाट्यावरची ही ओळ काढायला कोणी सांगितलेलं नाही.

पहिलं स्थळ फोटो पाहून आलं. पोहे झाले, प्रश्न झाले, चार दिवसांनी मध्यस्थाकडून निरोप आला: "पोरगी चांगली हाय, पन फोटोत दिसली तशी नाई." दुसऱ्या स्थळानं काही कळवलंच नाही. मुलीनं मला जे सांगितलं ते तिच्याच शब्दांत देते: "मले त्या फोटोतल्या पोरीवानी दिसा लागत होतं." तिला कोणा नटीसारखं व्हायचं नव्हतं. स्टुडिओवाल्यानं तिचीच एक खोटी प्रत काढली होती आणि घरानं, गावानं, मध्यस्थानं मिळून तिला त्या प्रतीशी मोजलं. तिच्या फोनच्या कॅमेऱ्यातही चेहरा गुळगुळीत करणारी सोय आधीपासून चालूच होती. ती बंद करता येते हेच तिला माहीत नव्हतं. म्हणजे दिवसातून कितीदातरी ती स्वतःला उजळ पाहत होती आणि आरशात सावळी. सौंदर्याचे मापदंड मोठ्या शहरातून येतात असं आपण बोलतो. या मुलीला मापदंड तिच्याच नावाच्या फोटोतून आला.

ट्यूब आत्याने सुचवली. तिच्या सुनेनं वापरली होती. आत्याचं पुतणीवर प्रेम आहे, त्याबद्दल मला शंका नाही. आठ महिन्यांत तिसरं स्थळ आलं, पसंती कळली, आणि दिवाळीनंतर साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, धरायचं ठरलं. मग पेरणीच्या दिवसांत पैसे बियाण्याला गेले, ट्यूब संपली, आणि चेहरा पेटला.

जाहिरातीचा हात

या घरात टीव्ही होता आणि मुलगी लहानपणापासून त्या जाहिराती पाहत आली होती. फेअर अँड लव्हली बाजारात आली १९७५ मध्ये. पुढची कित्येक वर्षं जाहिरातीची कथा एकच: सावळी मुलगी खिन्न, नाकारलेली, क्रीम लावते, काही आठवड्यांत छटांच्या पट्टीवर पुढे सरकते, नोकरी किंवा नवरा मिळतो. मुलगा नसल्याचं दुःख करणाऱ्या बापाची मुलगी क्रीम लावून हवाई सुंदरी होते ती जाहिरात पुष्कळांना आठवत असेल. अखिल भारतीय जनवादी महिला संघटनेनं अशा जाहिरातींविरुद्ध तक्रार लावून धरली आणि २००३ मध्ये त्यातल्या काही थांबल्या. २०१४ मध्ये जाहिरात मानक परिषदेनं नियम केला की सावळ्या व्यक्तीला दुःखी, अनाकर्षक किंवा मागे पडलेली दाखवू नये. २०१९ मध्ये वेष्टनावरचे दोन चेहरे आणि छटांची पट्टी गेली. जुलै २०२० मध्ये नाव बदलून ग्लो अँड लव्हली झालं.

हे सगळे बदल झाले ते लढून झाले आणि चांगलेच झाले. पण या प्रकरणात मला दिसलं ते असं. साध्या क्रीममधला नायसिनमाइडसारखा घटक रंगद्रव्य वरच्या थरात पोचायला थोडा उशीर करतो. फरक पडला तर किंचित आणि सावकाश, आणि जन्मजात रंग त्यानं बदलत नाही. जाहिरातींनी मात्र चाळीस-पंचेचाळीस वर्षं 'काही आठवड्यांत गोरं' ही अपेक्षा घराघरात पक्की केली. साध्या क्रीमनं ती पुरी होत नाही. स्टिरॉइडच्या ट्यूबनं होते, सुरुवातीला तरी, अगदी जाहिरातीत दाखवतात तशीच. या मुलीनं आधी कित्येक वर्षं टीव्हीवरची क्रीम लावली होती आणि "काही फरक पडला नाही" म्हणून ती "पावरफुल" ट्यूबवर गेली. आमच्याकडे येणाऱ्या बहुतेक मुलींचा प्रवास हाच आहे. ट्यूबची जाहिरात कोणी केली नाही. गरजही नव्हती, ती आधीच झालेली होती.

आणि आता जिथं जाहिरात चालते तिथं नियमाची नजर सहसा पोचत नाही. पार्लरवालीचं व्हॉट्सअॅप स्टेटस, आधी-नंतरचे दोन फोटो, 'फुल बॉडी व्हाइटनिंग'चं रील, आठवडी बाजारातला टेबल. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली फसव्या जाहिरातीला दहा लाखांपर्यंत दंड आहे, १९१५ या क्रमांकावर तक्रारही करता येते. बचत गटाच्या बैठकीत मी हा क्रमांक विचारला तेव्हा एकीलाही माहीत नव्हता.

उपचार आणि साक्षगंध

वैद्यकीय योजना अशी: ट्यूब आणि डबी कायमची बंद, आग शमवायला स्टिरॉइड नसलेलं टॅक्रोलिमस मलम, पुटकुळ्यांसाठी पोटातून डॉक्सिसायक्लिन, साबण, फेशियल, ब्लीच बंद, चेहऱ्याला साधी पेट्रोलियम जेली, लोहाच्या गोळ्या. सोबत एका कागदावर पुढच्या आठवड्यांत काय होईल ते मी मराठीत लिहून दिलं: आधी वाढेल, मग कमी होईल, मधूनच पुन्हा भडकेल, पूर्ण बसायला कित्येक महिने लागतील. हा कागद औषधाइतकाच कामाचा ठरतो. चेहरा भडकला की रात्री अकराला घरात कोणीतरी म्हणतंच, "लाव थोडीशी," आणि त्या क्षणी डॉक्टर समोर नसतो.

ऊन टाळा, हा सल्ला डॉक्टरांनी दिला तेव्हा माय-लेकी एकमेकींकडे पाहायला लागल्या. वेचणी तोंडावर आली होती. ऑक्टोबर ते जानेवारी कापूस वेचायचा म्हणजे दिवसभर उन्हात, आणि घरचा झाला की दुसऱ्याच्या वावरात किलोवर. शेवटी ठरलं ते असं: पहाटे लवकर निघायचं, दहा-साडेदहाला परतायचं, बापाचा पूर्ण बाह्यांचा सदरा वरून घालायचा, सुती दुपट्टा सैल बांधायचा. तिच्या मजुरीत घट झाली. ती कोणी भरून दिली नाही.

खरा पेच साक्षगंधाचा होता. आई आणि मामा म्हणाले, लग्नापर्यंत ट्यूब चालू ठेवू, मग बंद करू. त्यांच्या बाजूनं हा विचार वेडा नव्हता. एकदा लग्न लागलं की खर्चाचा प्रश्न मिटला. मी घरी जाऊन तिघांसमोर डॉक्टरांनी दिलेले दुसऱ्या रुग्णांचे, ओळख झाकलेले फोटो ठेवले: दोन वर्षं लावलेला चेहरा, तीन वर्षं लावलेला चेहरा. मग सासरी गेल्यावर ट्यूबचे पैसे कोण देईल, हे विचारलं. मामा गप्प झाले. घरातली आजी तोवर बाजेवर बसून ऐकत होती, ती म्हणाली, "आमच्या टायमाले काळ्या पोरीचे लग्न होत नव्हते का?" त्यावर आई म्हणाली, "होत होते, पन तुमाले फोटो पाठवा लागत नव्हता."

निर्णय मुलीनं घेतला. तिनं त्या मुलाला फोन करून चेहऱ्याचं सगळं सांगितलं आणि कॅमेऱ्याची सोय बंद करून व्हिडिओ कॉल केला. तो समजून बोलला, असं ती म्हणते. त्याच्या घरच्यांनी मात्र साक्षगंध पुढे ढकललं, मग तारीख दिलीच नाही. संक्रांतीनंतर कळलं की त्यांनी दुसरीकडे जुळवलं. घरात पंधरा दिवस कोणी नीट बोललं नाही, आणि आत्यानं दोष मला दिला. तो मी ऐकून घेतला. तरीही त्या वेळी ट्यूब बंद करणंच योग्य होतं असं माझं ठाम मत आहे. आठ महिन्यांत जी कातडी इतकी झिजली तिला आणखी वर्षभर मलम देणं म्हणजे लग्नासाठी चेहरा गहाण टाकणं.

मेडिकलवाला

मार्च २०१८ च्या अधिसूचनेनं बाहेरून लावायची चौदा स्टिरॉइडं अनुसूची एचमध्ये आली. चिठ्ठीशिवाय ती विकता येत नाहीत. तक्रार करू या, असं मी कुटुंबाला सुचवलं. बाप नाही म्हणाला. त्या दुकानातून रात्री-बेरात्री औषध उधार मिळतं, म्हातारीच्या बीपीच्या गोळ्या हंगामापर्यंत वहीत लिहिल्या जातात. हे नातं तुटलं तर त्यांना दुसरं दुकान बारा किलोमीटरवर. रुग्णाच्या घराची तयारी नसताना त्यांचं नाव पुढे करणं मला पटत नाही, म्हणून तक्रार त्यांच्या नावानं झाली नाही. दुकानदाराशी मी बोलले. "मी नाही देल्ली त थो तालुक्याचा देते," असं तो आधी म्हणाला. त्याच्या स्वतःच्या पुतणीनं तीच ट्यूब नेल्याचं त्याला माहीत होतं. तिचा गाल एकदा नीट पाहा, एवढं सांगून मी आले. आता तो चिठ्ठी विचारतो असं गावातल्या आशाताई सांगतात, सगळ्यांना नाही, पण विचारतो.

बचत गटाच्या बैठकीला मी घरातली मलमं घेऊन यायला सांगितलं होतं. सतरंजीवर ढीग झाला. गजकर्णासाठी बापानं आणलेल्या आणि मग पोरीनं तोंडाला लावलेल्या ट्यूबाच जास्त होत्या, कारण त्या मिश्रणांतही स्टिरॉइड असतं आणि तेही दोन दिवसांत खाज थांबवून रंग उजळवतं. बायकांना आम्ही चार नावं पाठ करून दिली: बीटामेथासोन, मोमेटासोन, क्लोबेटासोल, फ्लुओसिनोलोन. वेष्टनावर यातलं काही असेल, किंवा पारा म्हणजे मर्क्युरी किंवा कॅलोमेल असेल, तर तोंडाला लावायचं नाही. आणि ज्या डबीवर काहीच लिहिलेलं नाही ती तर मुळीच नाही. त्या बैठकीत एका गरोदर मुलीला सासू बाळ गोरं व्हावं म्हणून केशर आणि नारळपाणी देते हे निघालं. तिचंही हिमोग्लोबिन त्याच आठवड्यात तपासलं. तेही कमी होतं.

आजची स्थिती

शेवटच्या तपासणीत लाली पुष्कळ उतरलेली आहे, आग फक्त चुलीपुढे होते. हिमोग्लोबिन १०.९. गालांवरची लव राहिली आहे. लेझरची सोय आमच्याकडे नाही आणि नागपूरला जाणं खर्चाचं आहे, त्यामुळे ते सध्या बाजूला ठेवलं आहे. उजव्या गालावर मुरुमांचे काळे डाग आहेत, ते सावकाश जातील. मुलगी तालुक्याच्या एका सेवा केंद्रात दाखले काढून द्यायच्या कामाला लागली आहे. स्थळं पुन्हा पाहणं सुरू आहे. नवा बायोडाटा तिनं स्वतः टाइप केला. 'वर्ण' ही ओळ ठेवायची की नाही यावर घरात अजून वाद चालू आहे आणि मामांचं म्हणणं ओळ ठेवावी, पण खरं लिहावं. स्टुडिओत ती आईला घेऊन गेली आणि फोटोला हात लावायचा नाही असं सांगितलं. स्टुडिओवाल्यानं तरीही उजळ केला. दुसऱ्यांदा काढायला लावला.

विभागाच्या केसपेपरवर चेहऱ्याच्या प्रत्येक तरुण रुग्णासाठी आता तीन प्रश्न वाढवले आहेत: मलम कोणी सुचवलं, घरात आणखी कोण लावतं, आणि लग्नाची बोलणी चालू आहेत का. तिसऱ्या प्रश्नाला 'हो' आलं की डॉक्टर रुग्णाला आईसोबत माझ्याकडे पाठवतात, औषध लिहिण्याआधी. या मुलीची धाकटी बहीण बारावीला आहे. तिची तपासणी पुढच्या भेटीत ठेवली आहे, हिमोग्लोबिनची.